हूकची मुंगी, माझा मुंगळा

कढीपत्त्याच्या कुंडीतला एक मुंगळा मी डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. दहा मिनिटांनी काढला तेव्हा गारठून निपचित पडला होता. कॅमेरा रेलवर किंचित किंचित पुढे सरकवत ४४ फोटो घेतले आणि सॉफ्टवेअरला दिले. तयार झालेल्या चित्रात मुंगळ्याला चार मिशा होत्या. तिसाव्या फोटोच्या सुमारास साहेबांना जाग आली होती.

हा सगळा खटाटोप भिंगाच्या एका अडचणीपायी. वस्तू जितकी मोठी करून बघाल, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. दहापट मोठं दाखवणाऱ्या, ०.२५ न्यूमरिकल अपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हला हा थर जेमतेम ९ मायक्रॉनचा मिळतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. डोळा स्पष्ट आला की पाय धूसर. अपर्चर फार बारीक केलं तर विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून थराथराने फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा उचलून एकच चित्र करायचं. हे फोकस स्टॅकिंग.

ही डिजिटल जमान्याची युक्ती असं मी समजत होतो. मग रॉबर्ट हूकचं १६६५ सालचं ‘मायक्रोग्राफिया’ चाळलं. त्यात घडी उलगडून बघायचं पिसवेचं भलंमोठं चित्र आहे. पाठीवरच्या केसापासून पायाच्या नखीपर्यंत सगळं लख्ख. त्याच्या भिंगातून असं एका नजरेत दिसणं शक्यच नव्हतं. प्रस्तावनेत तो सांगतो की माशीचा डोळा एका उजेडात भोकं पाडलेल्या जाळीसारखा, उन्हात सोनेरी खिळे ठोकल्यासारखा, तर कधी पिरॅमिडांनी भरलेला दिसायचा. म्हणून निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या बाजूंनी बघून खरा आकार कळल्याशिवाय तो रेखाटायला घेत नसे. स्टॅकिंग त्याच्या डोक्यात चालायचं.

कॅमेरा आला आणि ही सोय गेली. फिल्मवर भिंगाला दिसेल तेवढंच उमटणार. १९६० च्या दशकात डॅन मॅक्लॅक्लनने सुंदर तोड काढली: नेमक्या फोकसच्या जागी प्रकाशाचा पातळ पडदा टाकायचा, शटर उघडं ठेवायचं आणि वस्तू त्या पडद्यातून हळूहळू सरकवायची. धूसर भाग अंधारातच राहतो, त्यामुळे उमटत नाही. (मला हे आजच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आवडतं.) १९८३ मध्ये बर्ट आणि एडलसन यांनी लाप्लासियन पिरॅमिड मांडला, तो चित्र कमी जागेत साठवण्यासाठी. इंजिनिअरिंगला आम्ही तो परीक्षेपुरता घोकला होता. चित्रातले बारीक-जाड तपशील वेगवेगळ्या पातळ्यांवर सुटे करायचे, प्रत्येक ठिकाणी ज्या फोटोतला तपशील ठळक तो घ्यायचा आणि पुन्हा जुळवायचं. माझ्या चार मिशा यातूनच आल्या. मिशी हलली आहे हे त्या गणिताला कळत नाही. त्याला दोन्ही जागी ठळक तपशील सापडला, त्याने दोन्ही ठेवले.

२०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये लेव्हन बिसच्या कीटकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. एकेका कीटकासाठी आठ हजारांच्या वर फोटो. ते सगळे म्युझियमच्या संग्रहातले, टाचणीला टोचलेले. मिशी हलण्याचा प्रश्नच नाही.

हूकलाही मुंगीनेच सर्वांत जास्त छळलं. पाय मेणात रोवले तर ती वळवळायची. मारली तर अंग आकसून आकार बिघडायचा. शेवटी त्याने तिला ब्रँडीत बुडवलं. ती बेशुद्ध पडली, त्याने निरखून घेतलं. तासाभराने ती अचानक उठली आणि पळून गेली.

मी दुसऱ्यांदा मुंगळा फ्रिजमध्ये जास्त वेळ ठेवला. फोटो निर्दोष आला, दोनच मिशा. तासभर वाट पाहिली, संध्याकाळपर्यंत पाहिली. तो काही उठला नाही. मित्रांना फोटो दाखवताना मी हे सांगितलं नव्हतं.

आता पहाटे टेकडीवर जातो. गारठ्यात, दवाने भिजलेले कीटक जागचे हलत नाहीत. बारा-पंधरा फोटो होतात, मग ऊन येतं आणि ते चालते होतात. मागचे पाय बहुतेक वेळा धूसरच राहतात.