दोन वेळाच जेवायचे ठरवले आहे? आधी तुमच्या गोळ्या तपासा

दोन वेळा जेवण म्हटले की महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव निघते. मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दीक्षितांनी ती घरोघर पोहोचवली. कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा घ्यायचा. सतत खाल्ले की इन्सुलिन वारंवार स्रवते आणि शरीर साठलेली चरबी वापरत नाही, असा त्यामागचा विचार आहे.

वजन उतरते का? अनेकांचे उतरते. माझ्या मते त्यात मोठा वाटा चहाबरोबरची बिस्किटे आणि संध्याकाळचा फरसाण बंद होण्याचा असतो. मात्र वेळेलाही काही महत्त्व असावे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राग येथील अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना तेवढ्याच उष्मांकांचा आहार १२ आठवडे दोन जेवणांत आणि १२ आठवडे सहा छोट्या भागांत दिला. दोन जेवणांत वजन जास्त उतरले. पण ती दोन जेवणे म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण होते! आपण मात्र न्याहारी सोडतो आणि रात्री साडेनऊला भरपेट जेवतो.

तुम्हाला मधुमेह असेल, तर खरा धोका पुढेच आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्यांना कळत नाही. सकाळी आठला गोळी घेतली आणि पहिला घास दुपारी एकला, तर मधल्या वेळेत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इन्सुलिनचेही तसेच. 'मी फक्त मेटफॉर्मिन घेतो' असे सांगणाऱ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइडही लिहिलेले असते, हे मी नेहमी पाहतो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर उपाशी राहिल्याने रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो. तेव्हा साखर फार वाढलेली नसतानाही उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर थेट रुग्णालय गाठा.

दरदरून घाम, हातपाय कापणे, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा विचित्र बडबड ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मशीनवर ७० पेक्षा कमी दिसले, किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. नंतर पोटभर खा. त्या दिवशी नियम मोडला तरी चालेल. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. वर सांगितलेल्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा.

गरोदर आणि स्तनदा माता, वाढीची मुले, टाइप १ मधुमेही आणि मुळातच किडकिडीत असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

बाकीच्यांनी सुरुवात करण्याआधी सगळी पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि कोणती गोळी कोणत्या जेवणाबरोबर घ्यायची, किती कमी करायची, हे लिहून घ्या. स्वतःहून गोळ्या बंद करू नका. पहिले दोन आठवडे पहिल्या जेवणाआधीची साखर रोज वहीत टिपून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.