नजर कोणी चुकवली?

७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेत एक प्रयोग झाला. वॉशिंग्टनमध्ये बसलेले तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर दूरध्वनीच्या तारेवरून न्यूयॉर्कमधल्या मंडळींना दिसले आणि ऐकूही आले. चित्र मात्र एकाच दिशेने गेले. दोघांनी एकमेकांना पाहत बोलण्याची सोय बेल प्रयोगशाळेने १९३० मध्ये करून दाखवली.

आता नवीच अडचण उभी राहिली. समोरच्याचा चेहरा पडद्यावर दिसतो. पण आपला चेहरा टिपणारा कॅमेरा पडद्याच्या बाहेर असतो. चेहऱ्याकडे पाहावे तर नजर कॅमेऱ्याला चुकते! १९७० साली ए. टी. अँड टी. कंपनीने पिट्सबर्ग शहरात 'पिक्चरफोन' सेवा सुरू केली. त्या यंत्रात कॅमेरा पडद्याच्या लगेच वर बसवला होता. भाडे महिना १६० डॉलर. ग्राहक मिळेनात, तेव्हा काही वर्षांतच सेवा गुंडाळावी लागली. नजरेचा प्रश्न मात्र उरला. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्येही कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेलाच असतो.

२०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे नोकरीच्या अनेक मुलाखती पडद्यावर आल्या आणि हा प्रश्न उमेदवाराच्या वाट्याला आला. नजर चुकवणारा काहीतरी लपवतो, असे आपण सगळेच धरून चालतो. मुलाखत घेणारेही त्याला अपवाद नाहीत.

थोडे गणित करू या. उमेदवार पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसला आहे. समोरच्याचे डोळे त्याला कॅमेऱ्याच्या १० सेंटिमीटर खाली दिसत आहेत. कोनाचे टॅन गुणोत्तर १०/६०, म्हणजे कोन सुमारे साडेनऊ अंश. चित्राची चौकट वर सरकवून १० चे ५ सेंटिमीटर केले, की कोन पाच अंशांच्या आत येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधनात २००२ मध्ये असे दिसले, की नजर खाली सुमारे पाच अंशांपर्यंत ढळली तरी आपल्याला ती थेट वाटते. डावीउजवीकडे किंवा वर ढळली, तर मात्र चटकन जाणवते.

म्हणून तयारी करताना चौकट कॅमेऱ्याच्या बरोबर खाली आणावी, थोडे मागे सरून बसावे. वर्गात दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवून, पट्टीने अंतरे मोजून हा प्रयोग करता येईल. एकाने मुलाखत घ्यावी, दुसऱ्याने द्यावी. मग जागा बदलाव्यात. उद्या यांतलेच कोणी मुलाखत घ्यायला बसतील. उमेदवाराच्या नजरेवर शेरा मारण्यापूर्वी त्यांना हा कोन आठवायला हवा.