जखम भरते तेव्हा : प्रस्तावना

बोटात काटा मोडला, पाय मुरगळला किंवा गळू झाले, की लाली, सूज, ऊब आणि ठणका पाठोपाठ येतात. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने हीच चार लक्षणे एकत्र नोंदवली. शरीराच्या या प्रतिक्रियेलाच शोथ म्हणतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शोथाच्या आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली) आणि पक्व (पिकलेली) या अवस्था कशा ओळखाव्यात यासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे. शस्त्र केव्हा चालवायचे, हे त्या ओळखीवर ठरे. इतक्या परिचित घटनेचे अंतरंग मात्र अलीकडच्या दोन शतकांतच उलगडले. ते मराठी वाचकांपुढे ठेवताना आम्हाला मनापासून आनंद होत आहे.

शोथ म्हणजे आजार, असे वाटणे स्वाभाविक आहे. दुखते तेथे सुजते, हा आपला रोजचा अनुभव. पण शल्यविशारद जॉन हंटर यांच्या 1794 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने शोथाला शरीराची हितकर क्रिया मानले. 1867 मध्ये कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्यालगतच्या पातळ पडद्यात, पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडताना पाहिल्या. 1882 मध्ये मेसिना येथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभांना काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. भक्षकपेशींच्या या शोधाची दखल 1908 च्या नोबेल पारितोषिकाने घेतली.

वाचकांनी हा विषय काळाच्या क्रमाने समजून घ्यावा, अशी आमची विनंती आहे. इजा होताच मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब; त्यांतून द्रव पाझरतो, म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिनमुळे मज्जातंतू अधिक संवेदनशील होतात, म्हणून ठणका. काही तासांत न्यूट्रोफिल पेशी पोहोचून जंतूंशी झुंजतात. एकदोन दिवसांनी मॅक्रोफेज पेशींचे प्राबल्य वाढते. त्या मृत पेशी गिळतात आणि दुरुस्तीचे संकेत देतात. मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन विणले जाते आणि जखम भरून येते. साफसफाई अर्धवट राहिली, तर ही पुढची कामेही रखडतात.

या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग शोथाच्या समाप्तीचा आहे. शोथ नुसता ओसरत नाही, शरीर तो आवरते घेते. लायपॉक्सिन आणि रिझॉल्विन ही द्रव्ये त्यासाठीच तयार होतात. आवरते घेणे जमले नाही, की संधिवातासारख्या व्याधींत तोच रक्षक सांध्यांची झीज करू लागतो. उलट, स्टेरॉइडने शोथ फार दडपला, तर जखम भरण्यास विलंब होतो. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवले. म्हणून औषधाचा विचार करताना शोथ कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

रसायनांची नावे पहिल्या वाचनात लक्षात राहिली नाहीत, तरी तुम्ही अडखळू नका. आधी पेशींची ये-जा समजून घ्या; नावे मागून आपोआप रुळतील. प्रत्येक प्रकरण वाचताना एवढेच विचारा: येथे शोथ वेळेवर सुरू झाला का, आणि काम संपल्यावर थांबला का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलात, की या शास्त्रात तुमचा प्रवेश झाला असे खुशाल समजा.