काळोखांतून परत आलेले तीन चित्रपट

ऑक्टोबर महिन्याची ३१ तारीख पाश्चात्त्य देशांत 'हॅलोवीन' म्हणून पाळली जाते. ख्रिस्ती पंचांगांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची ही पूर्वसंध्या. परंतु या रात्रीचीं मुळें त्याहून जुनीं असून आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्ट लोकांच्या, हिवाळ्याच्या आरंभींच्या सणापर्यंत तीं जाऊन पोंचतात, असें अनेक अभ्यासक मानतात. या रात्रीं मृतांचे आत्मे जिवंतांच्या जगांत फिरतात, अशी समजूत होती. आयरिश लोक सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकांत ते मोठ्या संख्येनें अमेरिकेस गेले, तेव्हां सलगमाची जागा भोपळ्यानें घेतली. विसाव्या शतकांत या सणाच्या करमणुकींत चित्रपटाची भर पडली.

या रात्रीं आवडीनें पाहिल्या जाणाऱ्या जुन्या चित्रपटांत १९३१ सालच्या 'ड्रॅक्युला' व 'फ्रँकेन्स्टाइन' या बोलपटांचा मान मोठा आहे. त्यांचीं नांवें चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतात. परंतु त्याच काळांतील कांहीं चित्रपट असे आहेत कीं, ज्यांचें यश निराळ्या जातीचें असूनही ते सामान्य प्रेक्षकांच्या दृष्टीआड राहिले. त्यांतील तिघांचा परिचय करून घेण्याजोगा आहे. कारण भीति कशानें निर्माण होते आणि कलाकृति कशी टिकते, या दोन्ही प्रश्नांवर त्यांचा इतिहास प्रकाश टाकतो.

पहिला स्वीडनचा मूकपट. इंग्रजींत तो 'द फँटम कॅरेज' या नांवानें ओळखला जातो. १ जानेवारी १९२१ रोजीं तो प्रथम प्रदर्शित झाला, आणि हा दिवस कथेला शोभेसाच होता. साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री-लेखिका सेल्मा लागरलॉफ यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वर्षाच्या अखेरच्या रात्रीं बाराच्या ठोक्याला जो मरतो, त्याला पुढील वर्षभर मृत्यूची गाडी हांकावी लागते, ही त्यांतील मूळ कल्पना. डेव्हिड होल्म हा दारुड्या स्मशानांत सोबत्यांशीं झालेल्या मारामारींत नेमका त्या क्षणीं मरून पडतो, आणि गाडी त्याच्यापुढें येऊन उभी राहते. गाडीवान असतो त्याचाच जुना मित्र! मग होल्मला स्वतःच्या आयुष्यांतील दुष्कृत्यें एकामागून एक पाहावीं लागतात.

दिग्दर्शक व्हिक्टर स्योस्त्रोम यांनींच होल्मची भूमिका केली होती. गाडी व तिचा हांकणारा हीं पारदर्शक दिसावीं म्हणून छायाचित्रकार यूलियस येन्झोन यांनीं एकाच फितीवर पुनः पुनः चित्रण केलें. एकदां चित्रित झालेली फीत मागें गुंडाळावयाची व तिच्यावरच दुसरें दृश्य घ्यावयाचें, अशी ही पद्धति. कॅमेऱ्याचा दांडा त्या काळीं हातानें फिरवीत. तेव्हां वेग किंचित् चुकला तरी सर्व श्रम वायां जात. या कौशल्यामुळें ती गाडी समुद्राच्या लाटांवरून जातांना आणि तळाशीं गेलेल्या बुडीत माणसाला उचलतांना दिसते. तरीही हें तंत्रकौशल्य मनांत राहत नाहीं. राहतो तो होल्मचा पश्चात्ताप. येथील भूत बाहेरून येत नाहीं, तें माणसाच्या गतायुष्यांतून उठतें. पुढें विख्यात झालेले दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्यावर या चित्रपटाचा खोल ठसा उमटला. १९५७ सालच्या आपल्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' या चित्रपटांत त्यांनीं वृद्ध स्योस्त्रोम यांनाच नायकाची भूमिका दिली.

दुसरा चित्रपट 'व्हॅम्पायर' हा १९३२ सालचा. त्याचे दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर हे डेन्मार्कचे. चित्रण झालें फ्रान्समध्यें. पैसा पुरविला निकोला द गुन्झबुर्ग या धनिक तरुणानें, आणि त्यानेंच नांव बदलून नायकाचें काम केलें. इतर नटांतही बहुतेक हौशी होते. बोलपटाचें युग सुरू झालें होतें, तरी यांतील संभाषणें अगदीं थोडीं आहेत. चित्रांना ड्रायर यांनीं हेतुतः एक करडी, धुक्यासारखी छटा दिली. त्यामुळें प्रेक्षकाला आपण जागे आहों कीं स्वप्नांत, याचा निश्चय होत नाहीं. लंगड्या शिपायाची सावली त्याला सोडून एकटीच फिरावयास जाते व परत येऊन त्याच्याशेजारीं बसते. नायक स्वतःचेंच प्रेत शवपेटींत पाहतो. त्या पेटीला कांचेची खिडकी आहे, आणि ती वाहून नेली जात असतां मृताच्या डोळ्यांनीं दिसणारें आकाश, झाडें व चर्चचा मनोरा प्रेक्षकही पाहतो. दुष्ट डॉक्टरचा अंत होतो तो गिरणींत, वरून कोसळणाऱ्या शुभ्र पिठाखालीं गुदमरून. भयाला काळा रंगच लागतो, हा समज येथें खोटा ठरतो.

मे १९३२ मध्यें बर्लिन येथें तो प्रथम दाखविण्यांत आला, तेव्हां प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली. ड्रायर यांना या अपयशाचा जबर धक्का बसला. त्यांचा पुढील कथापट निघावयास १९४३ साल उजाडावें लागलें. मूळ निगेटिव्ह आज अस्तित्वांत नाहीं. जर्मन व फ्रेंच आवृत्त्यांच्या उरलेल्या प्रतींतून तुकडे जुळवून हा चित्रपट पुनः उभा करण्यांत आला आहे.

तिसरा 'द ओल्ड डार्क हाउस', तोही १९३२ चाच, परंतु हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीचा. 'फ्रँकेन्स्टाइन'चे दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनींच तो काढला. वेल्समधील एका वादळी रात्रीं पांच प्रवासी एका जुनाट वाड्यांत आसरा घेतात. घरांत एक भित्रा भाऊ, एक बहिरी धर्मवेडी बहीण, बोरिस कार्लोफ यांनीं रंगविलेला मुका नोकर, आणि वरच्या मजल्यावर १०२ वर्षांचा अंथरुणाला खिळलेला पिता. या पित्याची भूमिका एल्स्पेथ डजन नांवाच्या स्त्रीनें केली होती, आणि श्रेयनामावलींत तिचें नांव पुरुषाचें दिलें होतें! विनोद आणि भय यांची अशी सरमिसळ क्वचितच आढळते. परंतु त्याखालीं एक गंभीर सूरही आहे. मूळ कादंबरीचे लेखक जे. बी. प्रीस्टली आणि दिग्दर्शक व्हेल हे दोघेही पहिल्या महायुद्धांत लढलेले. व्हेल तर जर्मनांचे युद्धकैदीही झाले होते. कथेंतील एक प्रवासी युद्धानें असाच पोळलेला तरुण आहे. तो अंधारा वाडा म्हणजे युद्धोत्तर इंग्लंडच, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या चित्रपटाचे हक्क पुढें युनिव्हर्सलकडे राहिले नाहींत. १९६३ सालीं त्याच कथेवर नवा चित्रपट निघाल्यामुळें जुन्याची कोणाला गरज उरली नाहीं, आणि तो नष्ट झाला असें मानलें जाऊं लागलें. व्हेल यांचे स्नेही व स्वतः दिग्दर्शक असलेले कर्टिस हॅरिंग्टन यांनीं मात्र शोध सोडला नाहीं. युनिव्हर्सलच्या अधिकाऱ्यांना त्यांनीं पुनः पुनः गोदामें धुंडाळावयास लावलें, आणि १९६८ सालीं निगेटिव्ह सांपडलें. पहिलें रीळ खराब होऊं लागलें होतें. रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउस या संस्थेच्या साहाय्यानें त्याची नवी प्रत काढण्यांत आली.

हा योग किती दुर्मिळ, हें दुसऱ्या एका उदाहरणावरून कळेल. लॉन चेनी या थोर नटाचा १९२७ सालचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा मूकपट असाच एका गोदामांत होता. १९६५ सालच्या आगींत त्याची ज्ञात असलेली अखेरची प्रत जळाली. आज त्याचीं केवळ स्थिर छायाचित्रें उरलीं आहेत. जुन्या फिती नायट्रेटच्या असत. त्या झटकन पेट घेतात आणि आग न लागली तरी कालांतरानें आपोआप कुजतात. म्हणून पुस्तक कपाटांत विसरलें तरी बहुधा टिकतें. फीत विसरली कीं बहुधा संपते.

तात्पर्य, हे तीन चित्रपट आज पाहावयास मिळतात तें कालाच्या कृपेनें नव्हे, तर कोणा ना कोणाच्या आस्थेमुळें. त्यांत किंकाळ्या थोड्या आहेत. पश्चात्ताप, स्वप्न आणि युद्धाची स्मृति हीं त्यांतील खरीं भुतें. आणि शंभर वर्षांच्या अंतरावरूनही तीं ओळखीचीं वाटतात, यांतच त्या चित्रपटांचें मोठेपण आहे.