कोट, पूर आणि खाडी : सुरतेच्या सावरण्याचा इतिहास

नगररचनेच्या परिभाषेत गेल्या काही दशकांत तीन कल्पनांना विशेष प्रतिष्ठा लाभली आहे : शहराची शाश्वतता, संकटानंतर सावरण्याची त्याची शक्ती आणि त्याच्या वारशाचे जतन. संयुक्त राष्ट्रसंघाने 2015 साली स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतही शहरांविषयीचे एक स्वतंत्र उद्दिष्ट आहे आणि त्यात या तिन्ही कल्पना एकत्र आलेल्या दिसतात. शब्द नवे असले तरी त्यांमागील अनुभव मात्र फार जुना आहे. ज्या शहरात आपल्या कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या, तर काहींच्या त्याहून अधिक पिढ्या गेल्या, त्या सुरतेएवढा या विषयाचा बोलका धडा भारतात क्वचितच सापडेल. हा धडा आज शहराच्या दक्षिण अंगाला, भेस्तानच्या परिसरात येऊन थांबला आहे, म्हणून तो आपण नीट वाचून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ कोटापासून करू. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला 'सुरतेची लूट' हा विषय शेजाऱ्यापाजाऱ्यांत काढताना थोडा संकोच वाटतो. परंतु नगररचनेच्या दृष्टीने पाहिले तर त्या घटनेचा एक निराळाच अर्थ लागतो. जानेवारी 1664 मध्ये शिवाजीमहाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल साम्राज्याचे हे सर्वांत श्रीमंत बंदर संरक्षणाच्या बाबतीत जवळजवळ उघडे होते. तापीकाठचा किल्ला भक्कम होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास खुदावंदखानाने तो बांधला होता. पण तो नदीकडून येणाऱ्या फिरंग्यांना तोंड देण्यासाठी होता. शहराला जमिनीच्या बाजूने होता तो केवळ मातीचा आडोसा. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर वाऱ्यावर राहिले. त्यानंतर औरंगजेबाच्या आज्ञेने विटांचा कोट उभा राहिला. ऑक्टोबर 1670 मध्ये महाराज दुसऱ्यांदा आले तेव्हा कोट होता, पण तो लढवायला पुरेशी माणसे नव्हती. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी वाढलेल्या पुऱ्यांना कवेत घेणारा दुसरा, बाहेरचा कोट आला. आतला तो शहरपनाह आणि बाहेरचा तो आलमपनाह. आज दिल्ली दरवाजा, सहारा दरवाजा, मजुरा ही नावे बसच्या पाट्यांवर उरली आहेत. भिंती गेल्या. 'बऱ्हाणपुरी भागळ' हे नाव तेवढे आपल्याला सांगते की सुरतेतून खानदेशाकडे आणि पुढे बऱ्हाणपुराकडे जाणारी वाट किती जुनी आहे.

या कोटाच्या कहाणीत सुरतेच्या पुढल्या सगळ्या इतिहासाचे सूत्र सापडते. संकट ज्या दिशेने आले त्या दिशेला शहराने भिंत बांधली आणि पुढचे संकट दुसऱ्याच दिशेने आले. शिवाय नुसती भिंत पुरत नाही, ती राखणारी माणसे लागतात, हेही 1670 ने दाखवून दिले.

1837 च्या एप्रिलमध्ये संकट आले ते कोटाच्या आतूनच. लाकडी सांगाड्यांची, अरुंद गल्ल्यांत एकमेकांना चिकटून उभी असलेली घरे दोन-तीन दिवस जळत राहिली. नऊ हजारांहून अधिक घरांची राख झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तापीला मोठा पूर आला आणि आगीतून जे वाचले होते त्यातले बरेचसे पाण्याखाली गेले. मुंबईच्या उत्कर्षाने आधीच खंगलेल्या या शहराची लोकसंख्या पुढच्या दहा वर्षांत ऐंशी हजारांवर येऊन ठेपली. अनेकांनी तेव्हा सुरतेचा शेवट झाला असे मानले असेल. पण 1852 मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. 1867 मध्ये तिचे कार्यालय शाहजहानच्या काळातील, 1644 च्या सुमारास बांधलेल्या मोगल सराईत आले. यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू दोन शतकांनंतर नागरी कारभाराची वास्तू झाली आणि म्हणूनच ती टिकली. जतनाचा याहून सोपा नियम नाही. वास्तू वापरात राहिली की तिच्या गळक्या छपराकडे कोणाचे तरी लक्ष जाते. वापर सुटला की पुरातत्त्वाची निळी पाटीही तिला फार काळ वाचवू शकत नाही. सोळाव्या शतकातल्या मलिक गोपीच्या नावाचे गोपी तलाव कित्येक वर्षे कोरडे आणि उपेक्षित पडले होते. महापालिकेने त्याचे पुनरुज्जीवन केले आणि तेथे पुन्हा पाणी व माणसे दोन्ही आली. किल्लाही दुरुस्त होऊन संग्रहालयाच्या रूपाने लोकांसाठी उघडला.

येथे एका परक्या पण आपल्याला जवळच्या अभ्यासकाचे स्मरण करणे योग्य होईल. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस 1914 मध्ये भारतात आले. 1916 मध्ये त्यांनी महाराज सयाजीराव गायकवाडांना बडोद्याच्या विकासाविषयी अहवाल सादर केला आणि 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. मालवणला जन्मलेले थोर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. गेडीस यांचे म्हणणे असे की, जुन्या वस्तीतून सरळ रस्ते कापत नेणे म्हणजे रोग्याचा रोग काढताना रोगीच दगावू देणे होय. आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहावे, लोक कोठे बसतात, विहीर कोठे आहे ते समजून घ्यावे आणि मग जेवढे लागेल तेवढेच कापावे. तळी बुजवून जमीन करण्यास त्यांचा ठाम विरोध होता, कारण गावातील तळे पावसाचे पाणी पोटात घेते आणि उन्हाळ्यात गारवा देते, हे त्यांनी ओळखले होते.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. 1900 च्या सुमारास सुरू झालेल्या तापी खोरे रेल्वेने सुरत आणि खानदेश जोडले गेले. हातमाग, मग यंत्रमाग, मग पांडेसऱ्यासारख्या औद्योगिक वसाहती उभ्या राहत गेल्या तशी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे या रुळांवरून सुरतेत उतरत गेली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात श्रावणात कानबाई बसू लागली आणि अहिराणी बोली गल्लीगल्लीत ऐकू येऊ लागली. 1991 मध्ये पंधरा लाखांच्या घरात असलेले शहर 2001 मध्ये चोवीस लाखांवर आणि 2011 मध्ये सुमारे पंचेचाळीस लाखांवर गेले. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शहराची गटारे मात्र माणसांच्या वेगाने वाढत नव्हती.

त्याचा हिशेब 1994 च्या सप्टेंबरात चुकता झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. पाठोपाठ, पुराचे पाणी ओसरून चिखल-कचरा साचलेल्या सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती, पण लाखो माणसे काही दिवसांत शहर सोडून गेली. रोगाइतकीच भीतीही शहर रिकामे करू शकते, हे सुरतेने पाहिले. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांची ती गर्दी आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या अजून डोळ्यांपुढे असेल. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार दिले, अधिकाऱ्यांना रोज कार्यालयातून रस्त्यावर आणले, रात्रीची झाडलोट सुरू केली आणि वजनदार मंडळींचीही अतिक्रमणे हटवली. दोनेक वर्षांतच सुरतेची गणना देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली. यात कोणते नवे यंत्र नव्हते की परदेशी तंत्र नव्हते. 1670 चा कोट राखायला माणसे नव्हती. 1995 मध्ये ती नेमली गेली, एवढाच फरक.

मग ऑगस्ट 2006. या पुराचे मूळ आपल्या मायभूमीत आहे, हे आपण विसरता कामा नये. मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावणारी तापी 724 किलोमीटर वाहते आणि तिच्या खोऱ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. पूर्णा, गिरणा यांचे पाणी घेऊन हतनूर, प्रकाशा ओलांडून ती उकाईच्या जलाशयात येते. उकाईचे धरण 1972 मध्ये पूर्ण झाले, ते 1968 च्या महापुराची आठवण ताजी असतानाच. धरण झाले म्हणजे पूर संपला, अशी समजूत शहरात रुजली आणि नदीचे पात्र हळूहळू आवळले गेले. पण धरणाला दोन धनी असतात. एकाला ते भरलेले हवे, कारण शेती व वीज. दुसऱ्याला ते रिकामे हवे, कारण पूर. भरत आलेल्या जलाशयात खोऱ्यातला पाऊस कोसळला आणि सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, तेव्हा शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला.

येथूनही सुरत काही शिकली. 2008 पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्याने चाललेल्या आशियाई शहरांच्या उपक्रमात सुरत, इंदूर आणि गोरखपूर यांची निवड झाली. त्यातून खोऱ्यातील पाऊस, उकाईची पातळी आणि शहरातील पाणी यांची सांगड घालणारी पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली. 2013 मध्ये जगातील शंभर सावरक्षम शहरांच्या उपक्रमात सुरतेचे नाव आले आणि 2017 मध्ये शहराचा स्वतंत्र आराखडा प्रसिद्ध झाला. बामरोलीला सांडपाणी पुन्हा शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकण्याची सोय झाली, त्यामुळे पिण्याचे तेवढे पाणी वाचले. ही सर्व कामे अभिमानाने सांगावी अशीच आहेत.

तरीही सूत्र पुन्हा तेच. भेस्तान आणि भोवतालच्या वस्त्यांना ज्या पाण्याचे भय आहे ते उकाईचे नव्हे. ते खाडीचे पाणी आहे. भेडवाड खाडी, मिठी खाडी, कांकरा खाडी ही नावे पावसाळ्यात स्थानिक वृत्तपत्रांतून रोज वाचायला मिळतात आणि 'खाडीपूर' हा शब्द आता सुरतेच्या बोलीत कायमचा झाला आहे. 2024 च्या जुलैत आणि 2025 च्या जूनमध्ये तो पुन्हा अनुभवास आला. पलसाणा, कामरेज, चोर्यासी या तालुक्यांत काही तास मुसळधार पाऊस पडला की या खाड्या भरतात. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर मुखाशी पाणी अडते आणि उलट वस्तीत शिरते. उकाईच्या दारांकडे डोळे लावून बसलेल्या यंत्रणेला या पाण्याची चाहूल पुरेशी आधी लागत नाही. कोट नदीकडे पाहत होता आणि स्वार जमिनीवरून आले, तशीच ही गोष्ट.

भेस्तान हे एके काळी चोर्यासी तालुक्यातले शेतीचे गाव. उधन्याच्या दक्षिणेला, मुंबईच्या मार्गावरील एक लहानसे रेल्वे स्थानक. शेतांच्या जागी कारखाने, सोसायट्या आणि गरिबांसाठी बांधलेल्या आवास वसाहती आल्या. गुजरातमधील ही वाढ प्रामुख्याने नगररचना योजनांतून, म्हणजे लोकांच्या बोलीत 'टी. पी.'मधून होते. या पद्धतीचे मूळ 1915 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यात आहे. महाराष्ट्राने पुढे ती बव्हंशी मागे टाकली, गुजरातने जपली. सर्वांच्या जमिनी एकत्र घेऊन, प्रत्येकाकडून काही हिस्सा रस्ते, शाळा, बागा यांसाठी ठेवून उरलेला नीट आखून परत द्यायचा, अशी ती न्याय्य कल्पना आहे. कोणी सर्वस्वी बेघर होत नाही आणि कोणी एकटा गबर होत नाही. मात्र तिचा एक धोका आहे. नकाशावरचा चौकोनी खंड जमिनीचा उतार ओळखत नाही. जेथून ओहोळ वाहत होता तेथे रस्ता येतो, पाणथळीत इमारत येते आणि खाडीचा काठ भरावाने अरुंद होतो. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरत नाही.

ती वाट ज्यांना ठाऊक आहे ती माणसे अजून आपल्यात आहेत. गावचे मूळचे कोळी-पाटीदार शेजारी, पन्नास वर्षांपूर्वी येथे खोली घेऊन राहिलेले आपले आजोबा, 2006 मध्ये जिन्यावर पाण्याची खूण करून ठेवणारी एखादी गृहिणी, यांची स्मृती हीच खरी नकाशाची पहिली प्रत आहे. योजनेच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद कायद्यात आहे. तेथे आपल्या मंडळींनी केवळ स्वतःच्या खंडाच्या क्षेत्रफळापुरते बोलू नये. तळे कोठे होते, कोणत्या साली पाणी कोठवर आले, कोणता नाला बुजला, हे लेखी नोंदवावे. प्रत्येक घरातील पुराची खूण, जुने सात-बारा, वडिलांच्या वहीतील एखादी ओळ एकत्र आली तर तिचे मोल कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाहून कमी ठरणार नाही.

आपले पूर्वज या शहरात वेगवेगळ्या वाटांनी आले. कोणी गायकवाडांच्या अमलात सुरत अठ्ठाविशीच्या महसुली कामावर, कोणी नोकरीनिमित्त, बहुसंख्य यंत्रमागाच्या खडखडाटात पोट भरण्यासाठी. कोट एकेकाळी मराठ्यांच्या भयाने बांधला गेला. आज त्याच शहराच्या दक्षिण सीमेवर मराठी वस्तीच मोठ्या संख्येने राखणीला उभी आहे. राखणदाराचे पहिले काम शत्रू कोणत्या बाजूने येतो ते ओळखणे हे असते. भेस्तानपुरते ते उत्तर खाडीच्या काठी आहे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तेथवर चालत जाऊन ते पाहून येणे आपल्या हातचे आहे.