राइडिंग मोअरचा कार्बोरेटर : बिघाड व दुरुस्ती

चालकाने वर बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रास राइडिंग मोअर म्हणतात. त्याच्या पेट्रोल एंजिनाला हवा व पेट्रोल यांचे ज्वलनयोग्य मिश्रण पुरविण्याचे काम कार्बोरेटर करतो. अमेरिका व कॅनडात घराभोवतीची मोठी हिरवळ राखण्यासाठी ही यंत्रे सर्रास वापरतात. भारतात ती मुख्यत्वे गोल्फची व क्रिकेटची मैदाने आणि मोठी उद्याने येथे दिसतात. थंड प्रदेशांत हिवाळाभर यंत्र बंद असते. वसंतात ते सुरू होईनासे झाले, तर दोष पुष्कळदा सुट्या भागांच्या झिजेत नसून कार्बोरेटरात साठून राहिलेल्या पेट्रोलात असतो.

रचना व कार्य : ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी इ. कंपन्यांची एक किंवा दोन सिलिंडरांची चतुर्धाव एंजिने या यंत्रांवर बसविलेली असतात. त्यांचा कार्बोरेटर फ्लोट प्रकारचा असतो. जर्मन अभियंते व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये फवारा-नळीचा कार्बोरेटर तयार केला. त्याच तत्त्वावर आजचे कार्बोरेटर चालतात. तळाच्या वाटीत ठराविक पातळीपर्यंत पेट्रोल साठते. पातळी वाढली की वाटीत तरंगणारा फ्लोट वर येतो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोलची वाट बंद करते. हवेचा मार्ग मध्ये अरुंद केलेला असतो. तेथे हवेचा वेग वाढून दाब घटतो व वाटीतील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. एंजिनावर भार असताना मुख्य जेट, तर संथ गतीत आयडल जेट पेट्रोल पुरवितो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सु. १४·७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. जेटचे छिद्र केसाएवढ्या थरानेही अरुंद झाले, तर हे प्रमाण बिघडते.

चालकाजवळचा वेगाचा दांडा थ्रॉटल झडप सरळ उघडत नाही. तो वेग स्थिर राखणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगेवरील ताण बदलतो. कमाल वेग बहुतेक एंजिनांत मिनिटाला सु. ३,६०० फेऱ्यांच्या आत राखतात. बऱ्याच कार्बोरेटरांच्या तळाशी १२ व्होल्टचे सोलेनॉइड असते. किल्ली बंद करताच ते मुख्य जेटचा पेट्रोलपुरवठा तोडते.

बिघाडाची कारणे : उघड्या हवेशी संपर्क असलेले पेट्रोल साधारण महिन्याभरात शिळे होऊ लागते. त्यातील हलके घटक उडून जातात व मागे व्हार्निशसारखा चिकट थर राहतो. पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. त्यामुळे ॲल्युमिनियम व जस्ताच्या भागांवर पांढरट भुकटी धरते. बहुतेक उत्पादक इथेनॉलची मर्यादा १० टक्के ठेवतात. अमेरिकेत १५ टक्के मिश्रणाचे पेट्रोल अशा लहान एंजिनांत वापरण्यास मनाई आहे. भारतातील पंपांवर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल रुळले असल्याने येथे एंजिनाची पुस्तिका पाहणे अधिकच गरजेचे ठरते.

लक्षणे व निदान : (१) चोक (हवा कमी करणारी झडप) लावल्यावरच एंजिन चालते, चोक काढताच बंद पडते : मिश्रण विरळ आहे. जेट चोंदलेला असतो किंवा गॅस्केटमधून जादा हवा शिरते. (२) भार नसताना वेग सारखा वरखाली होतो, पाती जोडल्यावर मात्र एंजिन स्थिरावते : आयडल मार्ग अंशतः बंद आहे. वेग घटला की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वाढला की मिटतो. हेलकावे येतात ते यामुळे. दोष गव्हर्नरचा समजून त्याची स्प्रिंग वाकविल्यास मूळ दोष तसाच राहतो. (३) पाती जोडताच एंजिन दम तोडते : मुख्य जेट तपासावा. (४) काळा धूर, पेट्रोलचा वास व काजळलेला प्लग : मिश्रण गाढ आहे. एअर फिल्टर तुंबणे, चोक पूर्ण न उघडणे किंवा सुई नीट न बसणे ही त्याची कारणे होत. निळसर धूर तेल जळण्याचा असतो. तो कार्बोरेटरचा दोष नव्हे. (५) बंद यंत्रातून पेट्रोल ठिबकते, तेलाची पातळी आपोआप वाढते व तेलाला पेट्रोलचा वास येतो : सुई गळते आहे. अशा स्थितीत एंजिन चालवू नये. तेल पातळ झाल्याने बेअरिंगे खराब होतात आणि सिलिंडरात पेट्रोल भरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सुई दुरुस्त करून तेल बदलावे. (६) किल्ली फिरविल्यावर सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज येत नाही : प्रथम वायर, अर्थिंग व बॅटरी पाहावी. बंद करताना सायलेन्सरमधून बार निघत असल्यासही संशय सोलेनॉइडवरच येतो.

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी : प्लगला ठिणगी मिळते का, हे आधी पाहतात. टाकीचे झाकण सैल केल्यावर एंजिन सुरळीत चालू लागले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. कार्बोरेटराकडील नळी काढून पेट्रोल नीट येते का, ते भांड्यात धरून पाहावे. धार बारीक असेल, तर फिल्टर, नळी किंवा पंप यांत दोष असतो. या एंजिनांवरील बरेच पंप क्रँककेसमधील (एंजिनाच्या तळपेटीतील) दाबाच्या ठोक्यांवर चालतात. त्यांची दाबनळी चिरली तरी पुरवठा थांबतो. यातले काहीही न सापडल्यासच कार्बोरेटर काढावा.

साफसफाई : एंजिन थंड होऊ द्यावे, प्लगची वायर व बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे. गव्हर्नरच्या सळ्या व स्प्रिंगा कोणत्या छिद्रात आहेत, याचे आधी छायाचित्र घ्यावे; त्या चुकीच्या छिद्रात गेल्यास एंजिनाचा वेग बिघडतो. वाटी उतरवून फ्लोट, सुई व जेट काढतात. रबरी भाग वेगळे करून उरलेल्या भागांवर कार्बोरेटर क्लीनर फवारतात व प्रत्येक मार्गातून दाबाची हवा सोडतात. यावेळी चष्मा घालणे आवश्यक आहे. जेटमध्ये टाचणी किंवा ड्रिल घालू नये; मऊ तांब्याची बारीक तार पुरते. जेट प्रकाशासमोर धरल्यास त्याचे छिद्र पूर्ण गोल दिसले पाहिजे. फ्लोट हलवून त्यात पेट्रोल शिरले आहे का, ते पाहावे. सुईच्या टोकावर कंगोरा पडला असल्यास ती बदलावी. बसविताना गॅस्केट नवी वापरावीत.

अमेरिकेत उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्यामुळे अलीकडील कार्बोरेटरांचे मिश्रण-स्क्रू कारखान्यातच मोहरबंद केलेले असतात. मोहर तोडून स्क्रू फिरविल्याने चोंदलेला जेट मोकळा होत नाही. मुख्य अंगच गंजून खड्डे पडले असतील, तर एंजिनावरील मॉडेल क्रमांक पाहून संपूर्ण कार्बोरेटर बदलणे सोयीचे ठरते. डेन्व्हरसारख्या सु. १,६०० मी. उंचीवरील ठिकाणी विरळ हवेमुळे मिश्रण गाढ होते. तेथे उत्पादकाने सुचविलेला लहान जेट बसवितात.

प्रतिबंध : महिन्याभरात संपेल एवढेच ताजे पेट्रोल आणावे. यंत्र दीर्घकाळ ठेवायचे असल्यास पेट्रोलात स्टॅबिलायझर घालून एंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते वाटीपर्यंत पोहोचते. दुसरा मार्ग म्हणजे टाकी व वाटी पूर्ण रिकामी करणे. टाकीखाली तोटी असल्यास यंत्र उभे करताना ती बंद ठेवावी. म्हणजे सुई गळाली तरी पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरत नाही. इंधन-अंतःक्षेपण असलेल्या नव्या एंजिनांत कार्बोरेटर नसतो, परंतु शिळ्या पेट्रोलाने त्यांचे इंजेक्टरही चोंदतात.