मालमोटारीचा सारथी : मैल आणि घड्याळ

(नभोवाणीवर वाचलेलें भाषण)

वर्गांत उच्चारलेल्या ज्या वाक्यांचा आज मला पश्चात्ताप होतो, त्यांत एक वाक्य अग्रभागीं आहे. उरणच्या बाजूस एका शाळेंत मीं तीसएक वर्षें शिकविलें. शाळेच्या कुंपणापलीकडून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरगाड्या दिवसभर घरघरत जात; १९८९ सालीं तें बंदर सुरू झाल्यापासून त्या रस्त्याला उसंत म्हणून राहिली नव्हती. एखाद्या मुलाचें लक्ष खिडकीबाहेर गेलें कीं मी म्हणत असें, "पुस्तकांत बघ, नाहीं तर पुढें ट्रक हांकावा लागेल!" सारा वर्ग हंसे. हंसणाऱ्यांत एक मुलगा नसे. त्याचे वडील कंटेनरगाडीवर ड्रायव्हर आहेत, हें मला फार उशिरां कळलें.

तो मुलगा आज अमेरिकेंत आहे. मागें त्याचें पत्र आलें. तेथील एका मोठ्या मालवाहतूक कंपनींत ड्रायव्हर म्हणून उमेदवारी करावी, असें त्याच्या मनांत होतें. त्यानें लिहिलें होतें, "गुरुजी, तुम्ही आम्हांला इतिहास शिकविलात. या धंद्यालाहि कांहीं इतिहास असेलच. तो पाहून सांगा, यांत माणसाचें बरें होतें का?" मी पडलों मॅट्रिक झालेला शाळामास्तर, मोटारीचें चाक मीं जन्मांत हातीं धरलेलें नाहीं. परंतु प्रश्न इतिहासाचा होता, आणि त्या मुलाचें एक जुनें देणें माझ्याकडे निघत होतें. त्यासाठीं जें वाचलें, त्याचें सार आज आपणांपुढें ठेवतों.

आज ज्या कंपन्यांच्या हजारों गाड्या अमेरिकेच्या रस्त्यांवरून धांवतात, त्यांपैकीं कित्येकांचा मूळ पुरुष एका गाडीनिशीं उभा राहिला होता, ही प्रथम ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट. १९३५ सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील ग्रीन बे येथें अल श्नायडर यानें घरची मोटार विकून पहिली मालमोटार घेतली. १९५६ सालीं क्लॅरेन्स वर्नर या एकोणीस वर्षांच्या तरुणानेंहि तोच मार्ग धरला. घरची मोटार गेली आणि दारांत ट्रक आला. आर्कान्सासचा जॉनी हंट सातवीनंतर शाळा सुटलेला मुलगा. कांहीं वर्षें त्यानें दुसऱ्याचे ट्रक चालविले, आणि १९६९ सालीं पांच गाड्या व थंड माल नेणारे सात ट्रेलर घेऊन धंदा मांडला. या तिघांच्याहि नांवाच्या कंपन्या पुढें देशांतील अग्रगण्य कंपन्यांत मोडूं लागल्या. माझें वर्गांतील वाक्य किती पोकळ होतें, याचा हा पहिला पुरावा.

चौथा पुरुष या सर्वांहून विख्यात, तो माल्कम मॅक्लीन. उत्तर कॅरोलिनांतील हा तरुण १९३४ सालीं एका जुन्या ट्रकावर धंद्यास लागला. १९३७ सालीं तो कापसाच्या गांठी घेऊन न्यूयॉर्कजवळील होबोकनच्या धक्क्यावर गेला. हमाल एक-एक गांठ उतरवून जहाजावर चढवीत होते आणि मॅक्लीन दिवसाचा बहुतेक भाग आपल्या गाडींत नुसता बसून होता. ट्रकाची अख्खी पेटीच उचलून जहाजावर कां ठेवूं नये, हा विचार आपणांस तेथें सुचला, असें तो पुढें सांगत असे. ही कथा जशीच्या तशी स्वीकारण्यास इतिहासकार कचरतात. परंतु पुढील घटनेविषयीं वाद नाहीं. २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' हें त्याचें जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे निघालें. त्या काळीं सुटा माल जहाजावर चढविण्यास टनामागें ५.८३ डॉलर पडत. मॅक्लीनच्या तज्ज्ञांच्या हिशेबानें पेट्यांस टनामागें सोळा सेंटहि पडले नाहींत. आमच्या शाळेपुढून जाणाऱ्या कंटेनरांचें कूळ हें असें एका खोळंबलेल्या ड्रायव्हरापर्यंत जाऊन पोंचतें.

परंतु श्रोतेहो, पेटीनें जहाजाचा खोळंबा संपविला, ड्रायव्हराचा नाहीं. तो कां संपला नाहीं, हें समजण्यास थोडा कायद्याचा इतिहास पाहिला पाहिजे. मला वाटतें, या धंद्याचें मर्म तेथेंच आहे.

१९३० च्या मंदींत ज्याला कोठें काम नाहीं तो ट्रक घेऊन निघे आणि मिळेल त्या भाड्यावर माल नेई. आगगाडीवाले ओरडत; थकलेले ड्रायव्हर चाकावर झोंपी जात. ऑगस्ट १९३५ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं मोटार-वाहतुकीच्या कायद्यावर सही केली, आणि १८८७ सालापासून रेल्वेवर देखरेख करणाऱ्या आंतरराज्य व्यापार आयोगाकडे मालमोटारीहि आल्या. कोणी कोणत्या मार्गानें कोणता माल न्यावा आणि भाडें काय घ्यावें, हें आयोगाच्या संमतीनें ठरूं लागलें. त्याच आयोगानें त्या दशकाच्या अखेरीस ड्रायव्हरांसाठीं दहा तासांचा नियम घातला : दहा तास चालविल्यावर आठ तास विश्रांति घेतलीच पाहिजे.

याच सुमारास, १९३८ सालीं, अमेरिकेंत किमान वेतनाचा प्रसिद्ध कायदा झाला. ठराविक तासांहून अधिक काम केल्यास दीडपट मजुरी द्यावी, असें त्यांत होतें. परंतु ज्यांचे तास आयोगाच्या ताब्यांत, त्या ड्रायव्हरांस ह्या दीडपटींतून वगळण्यांत आलें. त्यांची मजुरी बहुधा मैलावर ठरे. यांत मालकाची सोय उघड होती. कारखान्यांतील कामगारावर मुकादमाची नजर असते. पांचशें मैलांवरच्या ड्रायव्हरावर कोणाची असणार? मैलावर पैसे दिले कीं निराळ्या मुकादमाची गरज उरत नाहीं. अशा रीतीनें कायदा तास मोजूं लागला आणि मालक मैल मोजूं लागला. या दोन मापांच्या फटींत जो वेळ सांपडतो, तो उभ्या गाडीचा वेळ. तो तासांत धरला जातो, पण मैलांत धरला जात नाहीं.

कांहीं काळ ही फट संघटनेनें बुजविली. 'टीमस्टर' म्हणजे मूळ जनावरांच्या जोड्या हांकणारा. त्यांचा संघ १९०३ सालचा. १९६४ सालीं त्या संघाच्या जिमी हॉफा यानें देशभरच्या सुमारें चार लक्ष ड्रायव्हरांसाठीं एकच करार घडवून आणला. हॉफा हा कांहीं साधुपुरुष नव्हता. त्याच वर्षीं तो न्यायालयांत दोषी ठरला, आणि १९७५ सालीं जो नाहींसा झाला तो अद्याप सांपडला नाहीं. पण त्याच्या काळीं ट्रकचा ड्रायव्हर घर बांधीत असे आणि मुलांस कॉलेजांत धाडीत असे, हेंहि खरें.

१ जुलै १९८० रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं नव्या कायद्यावर सही केली आणि आयोगाची पकड सैल झाली. दहा वर्षांत परवानाधारक कंपन्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. भाडें उतरलें, ग्राहकास माल स्वस्त मिळाला, आणि संघटनेबाहेरच्या मोठमोठ्या कंपन्या उदयास आल्या. यानंतर दीर्घ पल्ल्याच्या ड्रायव्हरांचें खरें वेतन घसरत गेलें. मायकेल बेल्झर या अर्थशास्त्रज्ञानें २००० सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि स्टीव्ह व्हिसेली हा समाजशास्त्रज्ञ तर स्वतः एका मोठ्या कंपनींत नवशिका ड्रायव्हर होऊन राहिला व २०१६ सालीं आपला अनुभव त्यानें ग्रंथरूपानें मांडला.

आतां ह्या नवशिक्याचें पहिलें वर्ष कसें असतें तें पाहूं. १९८६ च्या कायद्यापूर्वीं अनेक राज्यांत साध्या मोटारीचा परवाना असलेला मनुष्यहि अवजड ट्रक हांकूं शके. १ एप्रिल १९९२ पासून खास परवाना सक्तीचा झाला, आणि फेब्रुवारी २०२२ पासून तो मिळविण्यापूर्वीं नोंदलेल्या शाळेंत शिक्षण घेणेंहि आवश्यक ठरलें. परवाना हातीं आला कीं मोठी कंपनी उमेदवारास कांहीं आठवडे अनुभवी ड्रायव्हराच्या हाताखालीं देते. पुष्कळदां एकजण चालवितो तेव्हां दुसरा मागच्या फळीवर निजतो. ट्रेलर ५३ फूट लांब. मालासकट वजन ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे छत्तीस टनांहून अधिक. असें धूड पुढें नेणें मनुष्य लवकर शिकतो. मागें घेणें शिकण्यास महिने लागतात, कारण ट्रेलर उजवीकडे न्यावयाचा तर चाक डावीकडे फिरवावें लागतें. निघण्यापूर्वीं ब्रेक, टायर, दिवे, ट्रेलरची जोडणी हें सारें रोज तपासावयाचें. हें सर्व शिकण्यासारखें आहे, आणि मन लावणारा तें शिकतो. मोठ्या कंपनीचा खरा उपयोग हाच, कीं कोऱ्या माणसास ती गाडी हातांत देते. लहान मालकास तें परवडत नाहीं.

पण हात बसला म्हणजे यश आलें असें नव्हे. २००४ सालच्या आरंभीं नवे नियम आले : विश्रांति दहा तासांची, चालविणें अकरा तास, परंतु कामास आरंभ केल्यापासून सलग चौदा तासांच्या आंत. पूर्वीं वाटेंत घेतलेली विश्रांति दिवसाच्या मापांतून वगळतां येई. आतां घड्याळ एकदां सुरू झालें कीं बहुधा थांबत नाहीं. शिवाय डिसेंबर २०१७ पासून यंत्रानें नोंद ठेवणें सक्तीचें झालें. त्यापूर्वींच्या कागदी रोजनिशीस ड्रायव्हरच थट्टेनें 'चित्रकथांची वही' म्हणत. खोळंब्याचा वेळ तींत विश्रांति म्हणून लिहिला जाई. यंत्रास अशी कथा रचतां येत नाहीं.

मास्तरकीची खोड म्हणून एक उदाहरण घालतों. एक ड्रायव्हर सकाळीं सहाला कामास लागला. ताशीं ५५ मैल वेगानें अकरा तासांत तो ६०५ मैल जाईल. पण गोदामाच्या दारांत माल उतरविण्यास पांच तास लागले. चौदांतून पांच गेले, नऊ उरले, त्यांत अर्ध्या तासाची विश्रांति, राहिले साडेआठ. मैल झाले सुमारें ४६७. मैलास साठ सेंट धरले, तर एका दिवसांत साडेब्याऐंशी डॉलर बुडाले, आणि त्यांत ड्रायव्हराचा तिळमात्र दोष नाहीं. कांहीं कंपन्या खोळंब्याचा मोबदला देतात, पण तो बहुधा पहिले दोन तास उलटल्यावर. २०१८ सालीं अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकानें अंदाज केला, कीं अशा खोळंब्यानें ड्रायव्हरांचें वर्षाकाठीं एकशेंदहा ते एकशेंतीस कोटि डॉलर नुकसान होतें. सरासरी खोळंबा पंधरा मिनिटांनीं वाढला तर अपघातांचें प्रमाण शेंकडा सहानें वाढतें, असाहि त्याचा निष्कर्ष होता. बुडालेला वेळ भरून काढूं पाहणारा मनुष्य कोणत्या मनःस्थितींत गाडी हांकीत असेल, हें सांगावयास नको.

ह्याच हिशेबांतून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉमिनिक ऑलिवेरा हा एका मोठ्या कंपनींत उमेदवार म्हणून शिरला. दहा हजार मैल विनावेतन आणि पुढील तीस हजार मैल ताशीं सुमारें चार डॉलरांवर आपणांकडून काम घेतलें गेलें, असें त्याचें म्हणणें. नंतर त्यास 'स्वतंत्र कंत्राटदार' ठरवून गाडी भाड्यानें दिली. करारांत अट होती कीं तंटा न्यायालयांत न्यावयाचा नाहीं, लवादाकडे न्यावयाचा. वाद येऊन ठेपला तो १९२५ सालच्या एका कायद्यांतील शब्दांवर. 'नोकरीचा करार' याचा त्या सालीं अर्थ काय होता, हें पाहण्यासाठीं न्यायमूर्तींनीं जुने शब्दकोश उघडले, आणि १५ जानेवारी २०१९ रोजीं एकमतानें निकाल दिला, कीं त्या काळीं कंत्राटदाराचा करारहि त्यांत मोडत असे. सबब अशा वाहतूक-कामगारास लवादाची सक्ती त्या कायद्यानें करतां येत नाहीं. शब्दार्थ नीट पाहावा, असें मी जन्मभर मुलांस सांगत आलों. तें एका ड्रायव्हराच्या पोटाशीं इतकें निगडित असेल, असें मला कधीं वाटलें नव्हतें.

या मोठ्या कंपन्यांत ड्रायव्हर टिकत नाहींत, हेंहि प्रसिद्ध आहे. २०१० नंतरच्या दशकांत वर्षाकाठीं सोडून जाणाऱ्यांचें प्रमाण कित्येकदां शेंकडा नव्वदांच्या आसपास होतें. याचा अर्थ शंभरांतील नव्वद माणसें गेलीं असा नव्हे. एकाच जागेवर वर्षांत दोन-तीन माणसें येऊन जातात, आणि कांहीं जुने वर्षानुवर्षें राहतात. जाणाऱ्यांत बहुसंख्य नवशिके असतात. म्हणजे खरी परीक्षा पहिल्या वर्षाची.

हें सर्व वाचून मीं त्या मुलास उत्तर लिहिलें. लिहिलें, कीं चि. बाळ, धंदा हलका नाहीं. मोठमोठ्यांनीं त्यांतूनच सुरुवात केली. पहिलें वर्ष ही तुझी शाळा समज, आणि शाळा अर्ध्यावर सोडूं नको. गाडी रोज तपास. मागें घेतांना शंका आली तर खालीं उतरून पाहा. त्यांत लाज नाहीं. झोंप आली असेल तर गाड्या नेमणाऱ्या कारकुनास स्पष्ट 'नाहीं' म्हण. अपघात झाला तर परवाना तुझा जाईल, त्याचा नाहीं. प्रत्येक गोदामाशीं केव्हां पोंचलास आणि केव्हां सुटलास, हें आपल्या वहींत मिनिटासकट लिही, आणि त्याचे पैसे माग. पहिल्या वर्षांत गाडी भाड्यानें घेण्याच्या करारावर सही करूं नको; पुढें करशील तेव्हां प्रत्येक शब्दाचा अर्थ विचार. आणि शेवटीं, वर्गांतील त्या वाक्याबद्दल मीं त्याची क्षमा मागितली.

उलट टपालीं चार ओळी आल्या. उमेदवारी धरली होती. क्षमेविषयीं एक अक्षर नव्हतें, एवढेंच होतें, कीं "गुरुजी, वहीची सूचना वडिलांना सांगितली. ते म्हणाले, मीहि ठेवीत असें. त्यांच्या जुन्या वह्या घरीं माळ्यावर आहेत."

गेल्या महिन्यांत मी त्या घरीं जाऊन आलों. म्हातारबोवांनीं माळ्यावरून सात वह्या काढून दिल्या. बारीक अक्षरांत तारीख, बंदराच्या फाटकाशीं पोंचल्याची वेळ, सुटल्याची वेळ, आणि शेवटीं खोळंब्याचे तास. वीस वर्षांच्या बेरजा त्यांत आहेत. मीं कांहीं पानें ताडून पाहिलीं. एकहि बेरीज चुकलेली नाहीं. पैसे मात्र त्यांनीं कोणाकडे मागितले नव्हते. मागावयाचे असतात, हें त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें.